नववी ओळ

१७ फेब्रुवारी १९८८. माणसे नऊ.

टॅमरॅक फॉल्सच्या कागद गिरणीत लाकडाचा लगदा शिजवणारी टाकी त्या सकाळी फुटली. मेलेल्यांपैकी आठ जण गिरणीच्या पटावर होते. नववा, लीलंड कॅडॉट, टाक्या आतून खरवडून देणाऱ्या कंत्राटदाराकडे रोजंदारीवर होता, वय तेवीस. दोन वर्षांनी गिरणीच्या फाटकासमोर काळ्या दगडाची शिळा उभी राहिली, तिच्यावर नावे आठ कोरली गेली. कंत्राटदाराने दिवाळे काढले होते. गिरणीचे म्हणणे असे की तो आमचा माणूस नव्हता. गावाने शिळेपाशी फुले ठेवली आणि नावे मोजण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

शाळेत बँड शिकवणाऱ्या वर्ना तुओमेलाने ती मोजली होती. पंचवीस वर्षे ती नऊ मोजत राहिली आणि मग एका दुपारी तिने आठ मोजली. तिच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा तर या दोन्ही गोष्टी सारख्याच गांभीर्याने सांगाव्या लागतात.

वर्ना १९५१ ची. वडील गिरणीत, आई लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, आणि चार वर्षांनी धाकटा भाऊ रेनो. मार्केट नावाच्या शहरातल्या विद्यापीठात ती संगीत शिकली आणि जुने बँडमास्तर निवृत्त झाले तेव्हा परत आली. तिने लग्न केले नाही. गावाने यावर बरीच वर्षे तर्क केले आणि पुढे कंटाळून विषय सोडला. उंच, रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. मुले तिला भीत आणि तिच्याकडून शाबासकी मिळाली की घरी जाऊन सांगत. मुलांनी लिहून आणलेली कोणतीही धून हातात घेतली की ती लाल पेन्सिलीने एकच प्रश्न लिही: श्वास कुठे घ्यायचा?

रेनो गावच्या बँडमध्ये युफोनियम हे जाड आवाजाचे पितळी वाद्य वाजवी आणि गिरणीत पहिल्या पाळीला असे. शिळेवर त्याचे नाव सहावे आहे.

स्फोटानंतरच्या वर्षी पहिल्या स्मृतिदिनासाठी वर्नाने शाळेच्या बँडकरता एक रचना केली. बहात्तर खणांची, म्हणजे तालाच्या बहात्तर तुकड्यांची, फार अवघड नाही, दहावीच्या मुलांना पेलेल अशी. बँडच्या स्वरलेखात प्रत्येक वाद्याला पाच रेघांची आपली एक ओळ असते आणि डाव्या कडेला वाद्याचे नाव असते. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ड्रम अशा ओळी तिने लिहिल्याच. पण पितळी वाद्ये आणि ड्रम यांच्या मधोमध आणखी नऊ ओळी आखल्या. त्यांच्या डाव्या कडेला माणसांची नावे घातली. या नऊ ओळींत पहिल्या खणापासून बहात्तराव्यापर्यंत विरामाच्या, म्हणजे न वाजवण्याच्या, खुणांशिवाय काही नव्हते. नवांपैकी तिघांनीच आयुष्यात कधी वाद्य हातात धरले होते. तिने तो भेद केला नाही.

लिहिण्याआधी ती नऊही घरी गेली होती. आठ घरांत कॉफी मिळाली आणि होकार मिळाला. नववे घर लीलंडच्या थोरल्या बहिणीचे, डोरीनचे. गावाबाहेर, तळ्याकडच्या रस्त्यावर, जिथे ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या कुटुंबांची घरे सुरू होतात. डोरीनने तिला आत बोलावले नाही. दारातच ऐकून घेतले आणि म्हणाली, लिही. त्याचे खरे नाव लीलंड एवढेच असल्याची तिने खात्री करून दिली, कारण वर्तमानपत्रात ते चुकीचे छापून आले होते.

त्या नऊ ओळी वाजवायला दरवर्षी नऊ मुले बसत. वाजवायला म्हणजे मोजायला. बँडमध्ये ज्याला खूप वेळ काही वाजवायचे नसते त्याला खण मोजत बसावे लागते, आणि वाजवण्यापेक्षा तेच कठीण, हे कुठल्याही बँडमधले पोर सांगेल. ही नऊ मुले वाद्य मांडीवर आडवे ठेवून बहात्तर खण मनात मोजत. चाळिसाव्या खणानंतर सगळा बँड थांबे आणि त्या शांततेत नऊ मुले एकाच वेळी आपल्या प्रतीचे पान उलटत. तेवढाच त्यांचा आवाज. पुढच्या खणाला बँड पुन्हा सुरू होई. शाळेच्या व्यायामशाळेत लाकडी बाकांवर बसलेले गाव त्या पानांच्या आवाजाची वाट बघे. गावातली बहुतेक कुटुंबे मूळची फिनिश, आणि फिनिश माणसे चारचौघांत रडत नाहीत, त्यामुळे त्या क्षणाला पुष्कळांना खोकला येई.

आठ वर्षे हे हाताने लिहिलेल्या कागदांवर चालले. १९९७ मध्ये शाळेत नोटेशनचे सॉफ्टवेअर आले, तेही वर्नानेच आणले. शाळेकडे त्यासाठी तरतूद नव्हती. बँडच्या मुलांनी हिवाळाभर पास्ट्या विकल्या. त्या भाजल्या शाळेच्या स्वयंपाकघरात, आणि तेव्हा तिथे कामाला लागलेली डोरीन कॅडॉट होती. ती मुलांना सांगे की मांस, बटाटा आणि सलगमाची पाई विकून काँप्युटर घेणारी जगातली पहिली फौज तुम्हीच. शत्रूकडे सलगम उरलेलं नाही, आता माघार नाही.

टायपिंगच्या जुन्या खोलीत यंत्रे बसली. दहावीच्या वर्गाला संगीत म्हणजे आठवड्यातून दोन तास ही खोली. मुले माउसने स्वर ठेवत, कळ दाबत, आणि यंत्र ते वाजवून दाखवी. ज्या मुलांना चार सूर सरळ फुंकता येत नव्हते त्यांच्या हातून अख्ख्या बँडचे संगीत उमटू लागले. वर्नाला या गोष्टीचा मनापासून आनंद झाला, हे नोंदवले पाहिजे. तिला यंत्राचा तिटकारा कधीच नव्हता. तिला फक्त एक गोष्ट ठाऊक होती: यंत्राला छाती नसते. एखाद्याने क्लॅरिनेटला वीस खण सलग पळवले की ती कपाटातून क्लॅरिनेट काढून त्याच्या हातात देई आणि म्हणे, वाजव. पोर लाल होऊन थांबले की वर्ग हसे आणि त्या स्वरलेखात श्वासाच्या खुणा आपोआप येत.

दरवर्षी जानेवारीत ती स्मृतिरचनेची कोरी प्रत वर्गाला देई. प्रत्येकाने एक ओळ यंत्रात भरायची. ज्या नऊ जणांच्या वाट्याला नावाच्या ओळी येत, त्यांनी त्या माणसाविषयी घरी विचारायचे, आणि बहात्तर खणांत बहात्तर विराम एकेक करून भरायचे. आता या सॉफ्टवेअरमध्ये रिकामा खण रिकामा दिसत नाही. काही घातले नाही तर यंत्र तिथे स्वतःच विरामाची खूण दाखवते. त्यामुळे दरवर्षी कोणीतरी विचारीच. एकदा एका मुलाने सगळ्या वर्गाच्या वतीने विचारले, "मिस तुओमेला, मशीन विराम आपोआप टाकतंय. मग आम्ही हमाली कशाला करायची?"

वर्ना म्हणाली, "मशीनने टाकलेला विराम म्हणजे तिथे कोणी नाही. तू टाकलेला म्हणजे तिथे कोणीतरी गप्प बसलं आहे."

"कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, मिस."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच हाताने भर."

त्या सॉफ्टवेअरलाही हा फरक कळत असे. छापताना ज्या ओळीत कोणी काही घातले नाही ती ते वगळी. हाताने विराम भरलेली ओळ तशीच ठेवी. वर्नाने हे मुलांना कधी समजावून सांगितले नाही. तिला यंत्राच्या शहाणपणाचा आधार घ्यायचा नव्हता.

पुढची दहा-बारा वर्षे तिच्या कामाच्या यशाची होती, आणि जे पुढे घडले ते त्या यशातूनच घडले. तिच्या वर्गातल्या मुलांच्या रचना राज्याच्या स्पर्धेत निवडल्या जात. शाळेच्या माहितीपत्रकावर यंत्रांसमोर बसलेल्या मुलांचे छायाचित्र छापले गेले. गिरणीतले दोन विभाग बंद झाले, घरे रिकामी झाली, पट निम्म्यावर आला आणि जिल्ह्याच्या शाळा मंडळाने खर्च कुठे कमी करता येईल ते पाहायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना हेच छायाचित्र आठवले. संगीत तर काँप्युटरवर उत्तम शिकवले जाते आहे. मग वाद्यांची दुरुस्ती, सरावाची खोली, स्पर्धेला नेणारी बस, हे सगळे कशासाठी? मंडळाच्या बैठकीत वर्नाचे नाव आदराने घेऊनच हा युक्तिवाद मांडला गेला. मुख्याध्यापक नील व्हिकस्ट्रॉम तिथे होता. तो वर्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवून मोठा झालेला. त्याने एवढेच मिळवले की बँड आणखी एक वर्ष चालू राहावा आणि तेवढ्यात पैशाची सोय करावी.

२०१२ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याने जुने सॉफ्टवेअर बंद करून सगळ्या शाळांसाठी एकच नवे घेतले. ते इंटरनेटवर चाले. फायली शाळेच्या यंत्रात न राहता जिल्ह्याच्या खात्यात राहत. सुटीत कोणीतरी सगळ्या फायली तिकडे हलवल्या.

जानेवारीत वर्नाने नेहमीप्रमाणे कोरी प्रत उघडायला सांगितली. स्मृतिदिनाचे ते पंचविसावे वर्ष. व्हिकस्ट्रॉम त्या दिवशी तासाची पाहणी करायला मागच्या खुर्चीवर बसला होता. थोड्या वेळाने टेस पेरोनी नावाच्या मुलीने हात वर केला. तिच्या वाट्याला लीलंडची ओळ आली होती.

"मिस, माझा माणूस नाहीये."

वर्गात हसू फुटले. मग आणखी एकाने सांगितले की त्याचाही नाही. ट्रॉम्बोनच्या ओळीखाली सरळ ड्रमची ओळ होती. नऊच्या नऊ ओळी गेल्या होत्या. वर्ना एका यंत्रासमोर बसली आणि थोडा वेळ शोधत राहिली. नवे सॉफ्टवेअर कोऱ्या ओळी मुळातच लपवून ठेवत असे, पान आटोपशीर दिसावे म्हणून. एका बाजूला सगळ्या ओळींची यादी उघडत होती आणि प्रत्येकीसमोर टिचकी मारून खूण करायची एक छोटी चौकट होती. तिने सगळ्या वर्गाला दिसावे म्हणून ते भिंतीवरच्या पडद्यावर दाखवले. एकेका नावापुढे टिचकी मारली. एकेक ओळ खालच्या ओळींना ढकलत परत आली.

"प्रत्येक ओळीला वेगळी चौकट आहे," ती मुलांना म्हणाली. "जी हवी ती दाखवता येते, नको ती लपवता येते. पुसली जात नाही. घाबरू नका."

व्हिकस्ट्रॉमने आपल्या पाहणीत लिहिले की शिक्षिकेने नव्या साधनातली अडचण प्रसंगावधान राखून सोडवली.

गिरणी त्या सुमारास नव्या मालकांकडे आली होती. त्यांना गावाशी चांगले संबंध हवे होते आणि पंचविसावा स्मृतिदिन ही त्यासाठी योग्य वेळ होती. त्यांनी देऊ केले की बँडच्या सगळ्या वाद्यांची दुरुस्ती आणि बँडच्या शिक्षकाचा पगार ते पाच वर्षे उचलतील. समारंभ त्यांच्या नावाने होईल, कार्यक्रमपत्रिका ते छापतील, आणि तिच्यात रचनेचे पहिले पान येईल, नावांसह. हे सगळे त्यांच्या वकिलांकडे गेले आणि तिथून एक अट घेऊन परत आले. नावे शिळेप्रमाणे असावीत. कॅडॉट कुटुंबाचा भरपाईचा दावा कधी निकाली निघालेला नाही. गिरणीच्या खर्चाने छापलेल्या कागदावर ते नाव गिरणीच्या माणसांच्या रांगेत आले तर त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो.

व्हिकस्ट्रॉमने वर्नाला आपल्या खोलीत बोलावले आणि हे सगळे न लपवता सांगितले. वर्ना म्हणाली की रचना नऊ ओळींची आहे. तिच्यातली एक काढली तर ती रचना राहत नाही.

"काढायची कुठे आहे, मिस तुओमेला?" तो म्हणाला. तो पन्नाशीला आला तरी तिला याच नावाने हाक मारी. "तुम्हीच त्या दिवशी दाखवलंत. प्रत्येक ओळीला वेगळी चौकट आहे. पुसली जात नाही."

 ती म्हणाली, "तू ट्रॉम्बोनमध्येही असाच होतास. सूर बरोबर, पण थेट न लागता घसरून आलेला."

"असेन," तो म्हणाला. "पण पुढच्या वर्षी ट्रॉम्बोनच नसेल. ते मी कसं थांबवू, सांगा."

 तिने अटीला नाही म्हटले आणि ती निघून गेली.

ही बातमी गावात पसरायला दोन दिवस पुरले. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात आठ घरांतली माणसे कॉफी घेऊन बसली आणि त्यांनी वर्नाला बोलावले. कोणी रागावले नव्हते, सुरुवातीला तरी. त्यांचे म्हणणे सरळ होते. त्यांची नातवंडे बँडमध्ये आहेत. पंचविसावे वर्ष पुन्हा येणार नाही. अट मान्य नसेल तर गिरणी समारंभच करणार नाही, आणि मग आठही नावे राहून जातील. कोणीतरी म्हणाले की कॅडॉटचे वाईट वाटते, पण तो तसा गावचा कधी नव्हताच. वर्नाने विचारले की मग इतकी वर्षे तुम्ही नऊ पाने ऐकून का खोकत होतात. त्यावर फर्न ओयाला, जिचा नवरा त्या टाकीजवळ गेला होता, हळूच बोलली.

"वर्ना, नऊ म्हणायला आमचं काही जात नव्हतं, म्हणून म्हणत होतो. तुला हे आजपर्यंत कळलं नव्हतं का?"

त्या तळघरात इतके प्रामाणिक वाक्य क्वचितच उच्चारले गेले असेल.  निघताना फर्न आणखी म्हणाली की रेनोसाठी तरी अट मान्य कर, आणि वर्नाने कोट चढवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुटी संपल्यावर ती शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. डोरीन सलगम चिरत होती.

"ये, मास्तरीणबाई. तुझं तोंड बघून वाटतंय, पुन्हा पास्ट्या विकायची वेळ आली."

वर्नाने सगळे सांगितले: वकील, वाद्ये, पाच वर्षे, चौकट. डोरीनचा सुरा थांबला नाही. तिने अर्थात हे आधीच ऐकले होते. स्वयंपाकघरात सगळे ऐकू येते. वर्नाचे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, "तू मला विचारायला आलीस, की माझ्याकडून हो घ्यायला आलीस?"

"तू नको म्हणालीस तर नको."

"म्हणजे पोरांची वाद्यं गेली तर ती डोरीनने घालवली. छान. एवढंच बाकी होतं." तिने चिरलेले तुकडे तसराळ्यात लोटले. "हे बघ, वर्ना. मी तुझ्याकडे लीलंडसाठी खुर्ची मागितली नव्हती. तू मांडलीस. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. दर वर्षी भिंतीपलीकडून ऐकत होते. आता उचलायची असेल तर तूच उचल. माझा हात लावू नकोस तिला."

"डोरीन, एकेचाळीस मुलं आहेत."

"माहीत आहे. रोज मीच वाढते त्यांना."

 डोरीनने पुढचे सलगम घेतले. तिने तिला हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही आणि क्षमाही केली नाही. त्या तिन्हींपैकी काहीही मिळाले असते तर वर्नाला ते घेऊन घरी जाता आले असते.

त्याच आठवड्यात एका दुपारी शाळा सुटल्यावर वर्ना यंत्रांच्या खोलीत बसली, यादी उघडली आणि नवव्या नावापुढची खूण काढली. ओळ गेली. खालची ड्रमची ओळ वर सरकून आठव्या ओळीला येऊन लागली. मध्ये जागा उरली नाही. तसे ते सॉफ्टवेअर उत्तम बनवलेले होते. मग तिने पाने छापली.

ती असे का वागली याची कारणे गावाने पुष्कळ दिली. मुलांसाठी, हे सर्वांत जास्त वेळा ऐकू येते आणि ते खरे आहे. भावासाठी, हेही खरे असावे, पण तिने ते कधी उच्चारले नाही. मला वाटते, ती आणखी एका गोष्टीला शरण गेली. वाद्य वाजवणारी जिवंत मुले तिच्यासमोर होती आणि गप्प बसलेला माणूस एकच होता. आणि गप्प बसलेल्याला आणखी थोडे गप्प बसायला सांगणे नेहमीच सोपे असते. अन्यायाला बहुतेक वेळा क्रूर माणसे लागत नाहीत. भली माणसे आणि एक तातडीची गरज एवढे पुरते.

टेस पेरोनीने आपले बहात्तर विराम आधीच भरून ठेवले होते. डोरीनबाईंना भेटून लीलंडविषयीही विचारून आली होती: तो मासे धुरी देऊन छान वाळवी आणि कोणाच्याही गाडीचे इंजिन उघडून बसे. पुढच्या तासाला तिने यंत्र उघडले आणि ती वर्नाच्या टेबलापाशी आली.

"मिस, माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग माझी ओळ का गेली?"

वर्नाने सांगितले की तिसऱ्या क्लॅरिनेटला माणूस कमी पडतो आहे आणि टेसने तिथे वाजवावे.  टेसने विचारले की तिथे बसून नुसते मनात मोजले तर चालेल का. वर्ना म्हणाली की क्लॅरिनेट वाजवताना ते जमणार नाही.

सतरा फेब्रुवारीला, रविवारी, व्यायामशाळा भरली. कार्यक्रमपत्रिका जाड कागदावर छापली होती. पितळी वाद्ये आणि ड्रम यांच्या मधोमध आठ खुर्च्या होत्या. गिरणीच्या नव्या मालकांच्या वतीने आलेली बाई दोन मिनिटे बोलली आणि ती चांगले बोलली. चाळिसाव्या खणानंतर बँड थांबला आणि आठ पाने उलटली. आठ पाने आणि नऊ पाने उलटण्याच्या आवाजात कानाला फरक कळत नाही. खोकायचे होते तेवढी माणसे खोकली. तिसऱ्या क्लॅरिनेटने दोन ठिकाणी उशिरा सुरुवात केली. ते एकट्या वर्नाच्या लक्षात आले आणि तिने रागावण्याऐवजी मान खाली घातली. डोरीन आली नव्हती. समारंभानंतरच्या कॉफीसाठी लागणारा गोड पाव तिने आदल्या दिवशी भाजून, झाकून ठेवला होता, कारण ते तिचे काम होते.

वाद्ये दुरुस्त झाली. पगार दोन वर्षे आला. २०१४ मध्ये वर्नाने नववी ओळ परत दाखवावी असे व्हिकस्ट्रॉमला सुचवले; त्याने करार पाच वर्षांचा असल्याची आठवण करून दिली. २०१५ मध्ये मालकांनी गिरणी पुन्हा विकली, घेणाऱ्यांनी शेवटचे कागदयंत्र बंद केले, आणि करार कोणावर बांधलेला आहे हे सांगायला कोणी उरले नाही. त्या जूनमध्ये बँड संपला आणि वर्ना निवृत्त झाली. नुकतीच दुरुस्त झालेली वाद्ये दक्षिणेकडच्या एका शाळेने विकत घेतली. यंत्रांची खोली चालू आहे. दुसऱ्या गावातली शिक्षिका पडद्यावरून शिकवते. मुले कानात इअरफोन घालून स्वर ठेवतात, कळ दाबतात, आणि क्लॅरिनेट साठ-साठ खण श्वास न घेता वाजत राहते. त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही. त्यांनी क्लॅरिनेट पाहिलेले नाही.

निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या खात्यातला वर्नाचा पासवर्ड बंद झाला. पूर्वी हाताने लिहिलेला स्वरलेख तिच्या घरी आहे. तो वाजवायला बँड नाही. व्हिकस्ट्रॉमला भेटून तिने एकदा विनंती केली होती की निदान फायलीत ती टिचकी परत मारावी, कोणी वाजवणार नसले तरी. त्याने मारतो म्हटले. तो विसरला की त्याने टाळले, हे मी त्याला विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्याला सांगता आले असते की नाही याची मला शंका आहे.

वर्ना आणि डोरीन एकाच दुकानात किराणा घेतात. दिसल्या की थांबतात. डोरीन रस्त्यावरच्या बर्फाविषयी, हरणांच्या मोसमाविषयी, वर्नाच्या गुडघ्याविषयी बोलते. बोलण्यात खोच असते, पूर्वीसारखीच. त्यापलीकडचे ती वर्नाशी काही बोलत नाही. वर्ना सांगते की तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. हे तिने डोरीनलाही सांगितले. डोरीन म्हणाली, "तुला बरं वाटावं एवढ्यासाठी मी शिव्या देऊ? अजून काय काय करू तुझ्यासाठी?"

गिरणीतल्या आठ मृतांच्या घरांना भरपाई १९९१ पर्यंत मिळाली. लीलंड कॅडॉटच्या मृत्यूची भरपाई कंत्राटदाराने दिली नाही, गिरणीने दिली नाही, तिच्या नंतरच्या कोणत्याही मालकाने दिली नाही. ती द्यायची बाकी आहे.